खाली न ठेवलेली माती

मला धाकट्या धन्यांच्या वाटणीत उभं केलं, तेव्हा माझ्या एका अंगाला तांब्याचं घंगाळ होतं आणि दुसऱ्या अंगाला गाभण म्हैस. म्हशीला ही वाटणी पसंत नव्हती. ती सारखी दावं ताणून पलीकडे जाऊ बघे आणि धाकटे धनी मानाजी तिला दर खेपेला शिव्या घालत मागे ओढत. मला कुणी दावं लावलं नव्हतं, तरी मी हलत नव्हते. समोर, थोरल्या धन्यांच्या ढिगात, समया आणि नांगर यांच्या मध्ये माझी आई उभी होती. मी तिच्याकडे टक लावून बघत होते. ती मात्र दूर खाडीकडे बघत होती.

हिरोजी खोतांचं वर्षश्राद्ध होऊन त्यांचे दोघे मुलगे वेगळे निघत होते. थोरले राघोजी कातळवण्यातच राहणार, धाकटे मानाजी आपल्या वाट्याचं घेऊन घाटावर सासुरवाडीला जाणार. आई त्या घरची बटीक. हिरोजी खोतांनी तिला पोरवयात विकत घेतली, आणि मी तिच्या पोटची म्हणून मीही घरचीच. गाईबरोबर वासरू येतं तसंच. त्यात कुणाला विचार करण्यासारखं काही वाटत नसे.

गावचा गुरव भिवा साक्षीला बसला होता. म्हातारा, हडकुळा, बोलला तर सुपारी फोडल्यासारखं बोलणार. तो एवढंच म्हणाला, “चेडू ल्हान आसा, धनी. आवशीबरोबर रवलां तर?”

“मगे माका काय, नुसतां घंगाळ?” मानाजी म्हणाले, आणि अंगणभर हशा पिकला. आईसुद्धा हसली. बटकीनं धन्याच्या विनोदाला हसायचंच असतं.

सगळं वाटून झालं आणि आगर अडलं. माडा-पोफळींचं ते आगर उतरत उतरत खाडीला जाऊन टेकायचं. मधली मेर, म्हणजे दोन भागांमधला बांध, पुरात वाहून गेली होती आणि आगराच्या मधोमध विहीर होती. राघोजी म्हणत, मेर विहिरीच्या पलीकडून जायची. मानाजी म्हणत, अलीकडून. विहीर ज्याच्या वाट्याला जाईल त्याचं आगर. पाण्यावाचून माड म्हणजे नुसते खांब. भाऊ आधी हळू बोलले, मग मोठ्यानं, मग एकमेकांच्या बायकांच्या माहेरावर गेले.

“असा जमाचा नाय,” भिवा गुरव म्हणाला. “माती उचलूक व्हयी.”

पुढे बसलेल्यांनी पाय आखडून घेतले.

आमच्याकडे मेरेचा तंटा मिटेनासा झाला की ही शेवटची वाट. मेर ठाऊक असलेल्या माणसानं आंघोळ करून ओलेत्यानं यायचं. गुरव त्या जमिनीतलीच ओली माती काढून त्याच्या डोक्यावर ठेवतो. मग राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, वरच्या धोंड्यापासून खालच्या धोंड्यापर्यंत, खाडीपर्यंत, त्यानं चालायचं. तो चालेल ती मेर. मागून एक न्हातीधुती न झालेली मुलगी राखेची धार सोडत येते. माती डोक्यावर असेल तोवर त्या माणसाला हात लावायचा नाही, नावानं हाक मारायची नाही, आडवं जायचं नाही. जो आडवा येईल त्याच्या घरात माती शिरते. त्यानं आपल्या हातानं ती खाली ठेवली की दिव्य संपलं.

आणि खोटं चाललं तर? आधीच्या पिढीत एकजण खोटं चालला होता. धड खालच्या धोंड्याशी पोचला, माती ठेवली, घरी येऊन जेवायला बसला आणि वाढणाऱ्या बायकोला म्हणाला, “तू कोणाची गो?” तिथून पुढे त्याला कुणीच ओळखू आलं नाही. मरेपर्यंत तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा दाराशी बसायचा, घरधनी कधी येतो म्हणून वाट बघत.

राघोजींनी मानाजींकडे पाहिलं, मानाजींनी राघोजींकडे. दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

“चांपी उचलात,” राघोजी एकदम म्हणाले. चांपी म्हणजे माझी आई. “त्या बावीचा पाणी तीच व्हायता. मेर तिच्याइतकी कोणाक ठावक?”

“आणि तिका कायतरी झाला तर?” कुणीतरी मागून विचारलं.

“झाला तर झाला,” मानाजी म्हणाले. भाऊ दिवसभरात पहिल्यांदाच एकमताचे झाले होते. “तिचो वंश खंयचो बुडतलो?”

भिवा गुरवानं माझ्याकडे पाहिलं. मग राघोजींकडे, मग मानाजींकडे. आमचं तिघांचं नाक एकच होतं. वर आलेलं, टोकाशी किंचित डावीकडे कललेलं, हिरोजी खोतांचं नाक. गावातल्या सगळ्यांची नजर चांगली होती, पण हे नाक कुणाला दिसत नसे.

“राख सोडूक कोणाचा चेडू घेवचा?” गुरवानं विचारलं. दोन्ही वहिन्यांनी, धन्यांच्या बायकांनी, आपापल्या मुली चटकन पदराआड ओढल्या.

“माजाच घेवा,” आई म्हणाली. “लागला तर एकाच घराक लागांदे.” मग जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, “अष्टमीक करा, धनी. देवीचो दिवस.”

बटकीच्या अंगी एवढी भक्ती बघून सगळ्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गोठ्यात शेण भरत होती, मी तिच्यापाशी होते. राघोजी दारात येऊन उभे राहिले.

“चांपे, पलीकडसून चल. पलीकडसून चललंस तर चेडू तुज्याकडेच रवतला. मानाजीक मी दुसरा कायतरी देतंय.”

“व्हय, धनी.”

दुपारी विहिरीवर मानाजी आले. “अलीकडसून चल गो. चेडू हयच ठेवतंय. घाटार नेवन करतलंय काय? खाता आमच्या म्हशीइतका.”

“व्हय, धनी,” आई म्हणाली. मग घडा खाली ठेवून म्हणाली, “मातीची शपथ घेतास?”

मानाजींचा चेहरा आधी कळेनासा झाला, मग लाल. “धन्यान बटकीक शपथ घालूची?”

“चुकला, धनी.”

ते गेल्यावर मी आईला चिकटले. म्हटलं, “आये, थोरले म्हणतत तसा चल ना. नायतर धाकटे म्हणतत तसा. कोणाचातरी ऐक.” तिनं माझ्या केसांतून बोटं फिरवली, एक ऊ काढली आणि नखावर चिरडली. तेवढंच उत्तर.

त्यानंतर आई बोलेनाशी झाली. काम सगळं करी, हाकेला येई, पण तोंडातून शब्द नाही. पानात वाढलेलं तसंच राही. मी तिचा हात धरला तर हात गार लागे, विहिरीतून वर आलेल्या दोरासारखा. वहिनी म्हणाल्या, राखणदारानं धरली तिला, आत्तापासूनच धरली.

अष्टमीला भर दुपारी, सावल्या पायाखाली गोळा झाल्या तेव्हा, सारा गाव राखणदाराच्या धोंड्याशी जमला. वारा नव्हता. माडाची एक झावळी हलत नव्हती. आई ओलेत्यानं उभी होती. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्यां तुजा लेकरू तुजी माती उचलता. खऱ्याक खरा कर, खोट्याक खोटा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गर्जला.

आईला कुणी लेकरू म्हटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग तिच्या डोक्यावर चुंबळ, आणि चुंबळीवर मातीचा गोळा. काळी, चिकण, पाणी गळणारी माती. माती टेकली तशी आईची मान उंच झाली. मी तिला रोज ओझी वाहताना बघत होते, पण अशी मान कधी बघितली नव्हती. तिचे डोळे उघडे होते आणि पापण्या लवत नव्हत्या. कपाळावरून चिखलाचं पाणी त्या डोळ्यांत उतरलं, तरीही लवल्या नाहीत. मला वाटलं, ही माझी आई नव्हे. आणि राखेची टोपली कमरेला लावून मी त्या कुणाच्यातरी मागे चालू लागले.

गाव दोन्ही बाजूंनी चालत होता, लांबून, कुजबुजही न करता. करवंदीचे काटे आईच्या पायात मोडत होते. ते मला ऐकू येत होते, तिला नसावेत. विहीर आली तसे दोघे भाऊ थांबले. राघोजी पलीकडे, मानाजी अलीकडे.

आई अलीकडून गेली नाही. पलीकडूनही गेली नाही. ती सरळ विहिरीवर गेली, आणि एका बाजूनं काठाच्या दगडावर चढली.

कुणाच्यातरी तोंडून “आगो बाय” निघालं. शेवाळानं बुळबुळीत झालेला तो काठ, वीतभर रुंद. खाली काळं पाणी. आई त्यावरून अर्धं वेटोळं चालली, भरल्या अंगणातून चालावं तशी, आणि समोरच्या बाजूला उतरली. मी मागोमाग बसत, सरकत, राख सोडत गेले. खाली बघू नये असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. पाण्यात आईचं प्रतिबिंब दिसलं, डोक्यावर मातीसकट. माझं दिसलं नाही.

“खरा आसा,” गर्दीतला एक म्हातारा पुटपुटला. “हिरोजी खोतानी मेरेरच बाव खणलेली. दोनव पोरांनी पाणी पिवचा म्हणान.”

भावांनी माना खाली घातल्या. लोकांना वाटलं, आता संपलं. खालच्या धोंड्याशी गुरव पाण्याचा तांब्या घेऊन पुढे जाऊन उभा राहिला होता. आई तिथं पोचली. धोंड्याकडे तिनं पाहिलंही नाही. ती धोंड्याच्या पुढे गेली, चिखलात उतरली आणि चालत राहिली.

खाडीत पाणी नव्हतंच म्हणा. अष्टमीची दुपार, भर ओहोटी. आईनं जन्मभर त्या चिखलात धन्यांच्या घरासाठी कालवं काढली होती. मधल्या धारेत कमरेइतकं पाणी, पुढे परत चिखल, आणि मग पलीकडचा किनारा. अलीकडे आमचं संस्थान, पलीकडे कंपनी सरकारचा मुलूख. पलीकडे बटीक गेली तर तिथली कचेरी ती मागितली तरी परत देत नाही, असं कोळणी बोलायच्या. पण गाव पाठीवर असताना खाडी ओलांडायला कुठल्या बटकीला कुणी दिलं असतं?

“भिवा!” राघोजी ओरडले. “सांग तिका, ठेव म्हणान!”

“मी सांगू?” गुरव म्हणाला. “आडवूचा तर तुमी आडवा, धनी.”

“धोंड्याकडे ठेवतत ना माती?”

“ठेवतत म्हणान ठेवतत. ठेवूकच व्हयी, असा माज्या बापाशीन तरी माका सांगूक नाय.”

राघोजी दोन पावलं चिखलात आले आणि थांबले. सारा गाव काठावर उभा, आणि कुणाचाही हात उचलत नव्हता. आई धारेत उतरली. मी तिच्या मागे पाण्यात राख सोडली. ती बुडाली नाही. पाण्यावर पांढरी रेघ होऊन तरंगत राहिली, आणि प्रवाहानं हळूहळू वाकडी होत समुद्राकडे निघाली. ते बघून काठावरच्या बायका मागे सरकल्या.

तेवढ्यात मानाजींचं डोकं चाललं. “ती जांवदे! चेडवाच्या डोक्यार खंय माती आसा? आवडे! फिर मागे!”

माझं नाव घ्यायला बंदी नव्हती. मानाजी धोतर खोचून चिखल तुडवत येऊ लागले. मी धारेच्या मधोमध थिजले. पुढे आईची पाठ जात होती आणि पाठीमागून माझा धनी, माझ्याच नाकाचा, येत होता.

आई वळली. तिचे ते न लवणारे डोळे माझ्यावर आले. तिनं दोन्ही हात वर केले, डोक्यावरचा गोळा मधोमध मोडला, आणि अर्धा माझ्या डोक्यावर ठेवला.

माती इतकी गार असते हे मला ठाऊक नव्हतं. गार पाणी कानामागून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरलं, आणि मागून येणारे पाय थांबले. मानाजींचा हात माझ्या दंडापासून वीतभर अंतरावर हवेत राहिला होता. मला त्यांच्या घामाचा वास येत होता.

“भिवा,” ते न वळता म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “ह्यां चलता?”

काठावरून गुरवाचं उत्तर आलं. “माती खाली ठेवूक नाय, धनी. दोगींच्या डोक्यार आसा.”

आम्ही पलीकडे चढलो तेव्हा आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. “मान दुखता गो?” तिनं विचारलं. मी मान हलवायला गेले आणि माती कलंडली, तशी तिनं घाईनं सावरली. “हलव नको. तोंडान सांग.”

त्या मुलखात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, पण माती सगळे ओळखत होते. वाटेवरची माणसं, बैल, सगळे बाजूला होत. संध्याकाळी साळू नावाच्या एका कुंभारणीच्या दाराशी आईचे पाय टेकेनासे झाले. साळूनं आम्हाला खालून वर न्याहाळलं. जन्म मातीत गेलेली बाई; मातीला भिऊन तिला कसं परवडणार?

“खाली ठेवूची नाय ना?” ती म्हणाली. “मगे टांग.”

तिनं एक कोरं मडकं दिलं, शिंकं दिलं. आम्ही दोघींनी आपापली माती मडक्यात घेतली आणि आढ्याला टांगली. मग आई बसली. बसली ती दोन्ही पावलांतले काटे न मोजता काढत राहिली, आणि हुंदके देत राहिली, आणि मध्येच हसत राहिली.

तिथंच राहिलो. आई माती मळायला शिकली, मी साळूच्या भाच्याची बायको झाले. शिंकं तसंच टांगलेलं राहिलं. नवल म्हणजे ती माती कधी सुकली नाही. वैशाखात विहिरी आटत, पण मडक्यात बोट घातलं तर ओलं निघे. मला वाटे आईच गुपचूप पाणी शिंपडते. आईला वाटे मी.

खाडीपलीकडच्या खबरा बाजारात कळत. आगरात कुणी पाय ठेवत नव्हतं. दिव्य सुरू झालं होतं आणि संपलं नव्हतं. मेर अजून ठरायची होती. राख केव्हाच पावसानं गेली, पण तिची रेघ कुठून गेली होती हे सगळ्यांना दिसत होतं म्हणे. नारळ आपोआप पडत, तिथंच रुजत. विहिरीवर वेल चढले. मानाजींना वाटणी पुरी झाल्याशिवाय घाटावर जाता येईना. दोघं भाऊ एकाच घरात, एकमेकांशी न बोलता, म्हातारे होत राहिले.

माझा मुलगा रांगत होता तेव्हा एका सकाळी राघोजी आमच्या अंगणात उभे राहिले. काठी टेकत, एकटे. मी ओळखलं ते नाकावरून. आई चाकाशी बसली होती. त्यांनी तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चांपे म्हणायची सोय नव्हती. माती अजून खाली ठेवलेली नव्हती.

“बाय,” शेवटी ते म्हणाले.

आईचं चाक थांबलं. “येवा, धनी. बसा.”

ते बसले नाहीत. “मानाजी गेलो,” ते म्हणाले. “शेवटाक माका म्हणी, तुमी कोणाचे? आता मी उरलंय. रात-दीस त्या आगरात कोणतरी चलता. आमका ऐकूक येता. माती ठेव गो बाय. मागशीत तां देतंय.”

“माजी अर्धीच,” आई म्हणाली, आणि चाकाला परत गती दिली. “अर्धी तिची. तिका इचारा.”

राघोजींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला असावा. नाकापाशी येऊन त्यांची नजर अडखळली. मुलगा रांगत रांगत त्यांच्या काठीशी गेला होता. मी त्याला उचलून कडेवर घेतलं.

“ठेवतंय,” मी म्हटलं. “आत्ता ठेवतंय. पण एक सांगा. माती खाली ठेवली, तर मगे आमी कोणाची?”

सोपा प्रश्न होता. ‘कोणाचीच नाय’ एवढंच म्हणायचं होतं. कंपनीची कचेरी ते केव्हाच म्हणून मोकळी झाली होती. राघोजींनी तोंड उघडलं. त्यांनी शिंक्याकडे पाहिलं. मडक्याच्या बुडाला पाण्याचा एक थेंब जमून लोंबत होता. मातीखाली उभं राहून खोटं बोलायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं, आणि मनात आम्ही अजून त्यांच्या घरच्याच होतो. ओठ हलले. पुन्हा हलले. त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि ते दोन शब्द काही केल्या निघेनात.

आम्ही वाट पाहिली. आईनं त्या वेळात चाकावर एक अख्खा घडा वर काढला.

“पाणी दी गो तेंका,” मग ती म्हणाली. “ओहोटी चुकात.”

ते पाणी प्याले. भांडं त्यांनी स्वतःच पालथं घातलं आणि निघाले. अंगणाच्या मधोमध आल्यावर थांबले, धोतराचा सोगा उचलला, आणि जमिनीवर आडवी राखेची रेघ असावी तसा पाय उंच करून, काळजीपूर्वक, ती ओलांडून पलीकडे गेले.

मी जाऊन वाकून पाहिलं. सकाळीच सारवलेलं अंगण होतं, लख्ख.

कडेवरच्या मुलानं खाली उतरायचा हट्ट धरला. मी त्याला सोडलं, तर तोही तिथवर रांगत गेला, थबकला, आणि हात लांब करून हळूच पलीकडे ठेवला.